बेण्याची काळजी घेतो, तशी बाळाचीही घेऊ या



ऊस विकास विभागातर्फे आम्ही या पानावर बेणेप्रक्रिया, खोडवा, हुमणी असले विषय नेहमी मांडतो. या खेपेचा विषय थोडा निराळा, पण आपल्या फडातलाच आहे. तो म्हणजे लहान मुलांचे कुपोषण.

उसाचे गणित आपण जाणता. उगवणीपासून फुटवे येईपर्यंतचे पहिले तीन-चार महिने ज्याने सांभाळले, त्यालाच टनेज मिळते. त्या काळात पाणी-खत हुकले, तर मागाहून युरियाची पोती ओतून काही होत नाही. बाळाचेही तसेच आहे. आईच्या पोटात राहिल्यापासून दोन वर्षे पुरी होईपर्यंतचे हजार दिवस मोलाचे. त्या काळात खुंटलेली वाढ पुढे सहसा भरून निघत नाही.

आधी जरा लांबचे उदाहरण घेऊ. आपल्यापैकी पुष्कळांची मुले नोकरीनिमित्त मीरा रोड-भाईंदरला राहतात. एके काळी तिथे मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. १९८५ साली नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेतील पावणेदोन लाखांची वस्ती २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. एवढ्या इमारती काही आपोआप उगवल्या नाहीत. तिथे राबणाऱ्यांत जव्हार-मोखाड्याकडचे आदिवासीही आहेत. भाताची कापणी उरकली, की ही कुटुंबे भिवंडी, वसई, भाईंदरकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात.

हा तोच जव्हार तालुका, जिथल्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी १९९२ साली सारा महाराष्ट्र हादरला होता. त्यानंतर काहीच झाले नाही असे नाही. २००५ साली राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. २०१५ पासून अमृत आहार योजनेत आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण मिळू लागले. पण मूल गावी असेल तर ना! दिवाळीपर्यंत अंगणवाडीत जेवणारे मूल दिवाळीनंतर इमारतीच्या पायाशी वाळूत खेळते. गावच्या वहीत ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो आणि शहराच्या वहीत त्याचे नावच चढत नाही. चार महिन्यांनी परत येते, ते वजन घटवून.

हे वाचून हळहळण्याआधी आपल्या कारखान्याच्या तळावर एक फेरी मारावी. बीड, आष्टी, पाटोदा, पाथर्डी, जामखेडकडून येणाऱ्या टोळ्यांची मुले याच अवस्थेत असतात. नवरा-बायकोचा कोयता पहाटेच्या अंधारातच फडात उतरतो. तान्हे बाळ कोपीत, सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली. सकाळी त्याला काय, तर चहा-बिस्किट. आम्ही साखरेच्या धंद्यातली माणसे, तरी सांगतो, गोड चहाने पोट भरल्यासारखे वाटते, अंग धरत नाही.

कुणी म्हणेल, हे काम डॉक्टरांचे. त्याला जामखेडनेच उत्तर दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे काम सुरू केले, तेव्हा लोकांनी औषधाआधी अन्न आणि पाणी मागितले. मग विहिरी झाल्या, मुलांसाठी पोषक आहार शिजू लागला, शेतकऱ्यांची आणि महिलांची मंडळे उभी राहिली. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर बायकांना आरोग्याचे शिक्षण मिळाले. घरोघरी जाऊन मुलांची वजने घेणे, जुलाब लागले की मीठ-साखरेचे पाणी पाजायला शिकवणे, बाळंतिणीकडे लक्ष ठेवणे हे त्यांनी केले. १९७१ साली त्या गावांतून पाच वर्षांखालील शंभरांत चाळीस मुले वजनाने कमी होती. १९८६ पर्यंत हे प्रमाण पाचावर आले. मोठे इस्पितळ नव्हे, गावची मंडळी कामाला लागली म्हणून हे झाले. सहकार म्हणजे दुसरे काय असते?

तेव्हा या हंगामात आपण एवढे करू या.

एक. टोळी उतरली, की चिटबॉयने कोयत्यांच्या नोंदीबरोबर सहा वर्षांखालची मुले आणि गरोदर बायका यांची यादी करून जवळच्या अंगणवाडीत द्यावी. मूल कुठल्याही गावचे असो, त्या आहारावर त्याचा हक्क आहे.

दोन. अंगणवाडी सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत भरला, तर ते तीव्र कुपोषण. त्याला लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. बैलगाडी अगर ट्रॅक्टर त्या दिवशी एक खेप कमी करील, एवढेच.

तीन. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळते. आता ते कोणत्याही गावच्या रास्त भाव दुकानातून घेता येते. मुकादमाला हे सांगा आणि दुकानदाराला टोळी दाखवून द्या.

चार. ज्याच्या रानात तोड चालू आहे, त्याने बाळंतिणीला अंगावर पाजायला मोकळीक द्यावी. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधावाचून काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही. सहा महिने सरले, की मऊ खिचडी, वरण, अंडे, शेंगदाण्याचे कूट, शेवग्याचा पाला सुरू करावा. घरच्या मळ्यातला भाजीपाला मूठभर तळावर धाडलात, तर आपले काही उणे होणार नाही.

पाच. पिण्याचे पाणी स्वच्छ द्या. जुलाबाने चार दिवसांत मुलाचे महिन्याचे खाणे वाया जाते.

बंधूंनो, यातले बरेचसे आपल्या घरच्या सुनेला, लेकीलाही लागू आहे. बागायतदाराच्या घरीही सगळ्यांच्या मागून जेवणारी गरोदर सून असते, हे आपण जाणतोच.

आमच्या गट कार्यालयांतील कर्मचारी या याद्यांसाठी आपणांकडे येतील. आपल्या रानात कुणाची टोळी आहे, तिच्यात मुले किती, ती काय खातात, हे त्यांना नीट सांगावे. रिकव्हरीचा आकडा आपण रोज विचारतो. तळावरच्या किती मुलांची वजने वाढली, हाही आकडा येत्या वार्षिक सभेत सभासदांनी आम्हाला जरूर विचारावा.

— ऊस विकास अधिकारी