आकड्यांत दडलेली वेळ

तापमान नोंदवणाऱ्या यंत्राची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली, की वेळेच्या रकान्यात कधी कधी १७०००००००० असा लांबलचक आकडा दिसतो. ही चूक नव्हे. १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून मोजलेले हे सेकंद आहेत. संगणकविश्वात त्यांना ‘युनिक्स वेळ’ म्हणतात.

एक्सेल मात्र दिवस मोजते आणि १ जानेवारी १९०० हा त्याचा पहिला दिवस. त्याच्या हिशेबात १ जानेवारी १९७० चा क्रमांक २५५६९ येतो. म्हणून सेकंदांना ८६४०० ने भागा, त्यात २५५६९ मिळवा आणि रकान्याला तारीख-वेळेचे स्वरूप द्या. वरच्या आकड्याचे उत्तर येते १४ नोव्हेंबर २०२३, रात्री १०:१३:२०. ही जागतिक वेळ झाली. भारतीय वेळेसाठी भागाकारापूर्वी साडेपाच तासांचे १९८०० सेकंद मिळवा. तारीखच बदलून १५ नोव्हेंबर, पहाटे ३:४३:२० होते!

आकडा तेरा अंकी असेल तर बहुधा ते मिलिसेकंद असतात. आधी १००० ने भागा. फाइलमध्ये ०५/०६ अशा तारखा असतील, तर ‘डेटा’ मेनूतून फाइल आयात करताना दिवस-महिन्याचा क्रम स्वतः निवडा, नाहीतर ५ जूनचा ६ मे होईल. मूळ नोंदींचा रकाना मात्र कधीही पुसू नका. हिशेब चुकला, तर खरी वेळ तिथूनच पुन्हा काढता येते.