पैनगंगेच्या अलीकडची मराठी गावं

गेल्या वर्षी मंडळाच्या पहिल्या बैठकीत मी ओळख करून दिली, "मी आदिलाबादचा." मागून लगेच प्रश्न आला, "म्हणजे तू तेलुगू ना? मग मराठी इतकं चांगलं कसं बोलतोस?" तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. पण हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी कोणीतरी विचारतंच. म्हणून म्हटलं, या अंकात एकदाच नीट उत्तर देऊन टाकू.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा चव्वेचाळीस नंबरचा राष्ट्रीय महामार्ग यवतमाळ जिल्ह्यातलं पाटणबोरी सोडतो आणि पैनगंगेचा पूल ओलांडतो. पुलाच्या अलीकडे पाट्या मराठीत, पलीकडे तेलुगूत. पण पाटीखाली बसलेला चहावाला दोन्हीकडे मराठीच बोलतो! पलीकडचा हा भाग म्हणजे आदिलाबाद जिल्हा. बेला, जैनथ, तामसी, भीमपूर ही इथली नदीकाठची मंडलं. (मंडल म्हणजे तालुक्यासारखंच, पण आकाराने लहान. आंध्र प्रदेशात 1985 मध्ये तालुके मोडून मंडलं केली, तीच पद्धत तेलंगणात चालू राहिली.) माझं गाव बेल्याकडचं. काळी जमीन, कापूस, तूर, आणि पोळ्याला सजवलेले बैल. यवतमाळातल्या एखाद्या गावात डोळे मिटून आणून सोडलं, तर मला चटकन फरक कळणार नाही.

मग आम्ही तेलंगणात कसे? तर आम्ही कुठेच गेलो नाही, सीमाच आमच्या अंगावरून गेली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मराठी, तेलुगू, कन्नड असे सगळेच मुलूख होते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषेप्रमाणे राज्यांची वाटणी झाली, तेव्हा आदिलाबाद जिल्ह्याचेही तुकडे पडले. किनवट आणि राजुरा हे भाग मराठी म्हणून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि नांदेडला जोडले. पुढे 1959 मध्ये राजुरा चंद्रपूरकडे आला. उरलेला जिल्हा आंध्रात राहिला. 2014 मध्ये तेलंगण झालं आणि 2016 मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. माझ्या आजीने एकाच घरात राहून हैदराबाद, आंध्र आणि तेलंगण अशी तीन राज्यं पाहिली. ती म्हणते, "आपण तं हितंच हाओ बापा, सरकारच बदलून राह्यलं."

पण इथे फक्त मराठी आणि तेलुगू एवढंच आहे असं समजू नका. गावांची नावं वाचा, म्हणजे थर दिसतील. शेवटी 'गाव' असेल तर मराठी वस्ती, 'पल्ली' असेल तर तेलुगू, आणि 'गुडा' असेल तर बहुतेक वेळा गोंड किंवा कोलामांचा पाडा. जैनथच्या लक्ष्मीनारायण मंदिरात परमार वंशातल्या जगद्देवाच्या काळातला संस्कृत शिलालेख आहे. नारनूर मंडलातल्या गुंजाळा या लहानशा गावात गोंडी भाषेची जुनी हस्तलिखितं सापडली, तीही स्वतंत्र लिपीत. ती 'गुंजाळा गोंडी' लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे हे खेडं आज जगातल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नावाने माहीत आहे.

आपल्या मंडळाला आवडेल अशी आणखी एक गोष्ट. गोंडांच्या कुळकथा किकरी वाजवत गाणारे परधान हे पिढीजात गायक. गातात गोंडीत, पण त्यांची घरची भाषा मराठी! आणि 1940 मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने व्हिएन्नाचे मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इकडे बोलावलं. 1943 मध्ये मारलवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झालं. तिथली गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत काढली, कारण ज्या मोजक्या गोंड तरुणांना अक्षरओळख होती, ती मराठीतूनच झालेली होती.

असं फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. युरोपात बेल्जियम नावाचा चिमुकला देश आहे, महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. तिथे 1962 च्या कायद्याने डच आणि फ्रेंच भाषेची सीमा आखली, आणि सीमेवरच्या काही गावांत अल्पसंख्य भाषिकांना सरकारी कागद स्वतःच्या भाषेत मिळण्याची सोय ठेवली. त्याच देशातलं बार्ले-हेर्टोग हे गाव नेदरलँड्सच्या पोटात तुकड्यातुकड्यांनी पसरलंय. सीमा चक्क घरांमधून जाते. घराचं पुढचं दार ज्या देशात, ते घर त्या देशाचं.

आपल्याकडेही याचा भाऊ शोभेल असा भाग आहे. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या केरामेरी मंडलाला आणि चंद्रपूरच्या जिवती तालुक्याला लागून परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, महाराजगुडा अशी बारा-चौदा गावं आहेत. त्यांच्यावर दोन्ही राज्यं हक्क सांगतात. लोकांकडे दोन-दोन मतदार कार्डं, दोन रेशन कार्डं. काही गावांत शाळाही दोन, एक मराठी, एक तेलुगू. ऐकायला मजा वाटते, पण जमिनीचा पट्टा मात्र कुठलंच राज्य सहज देत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या राज्यघटनेत 1956 मध्येच कलम 350-क घातलं. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी, असं ते सांगतं. त्यामुळे आदिलाबादेत आजही सरकारी मराठी शाळा आहेत. मी अशाच एका शाळेत पाचवीपर्यंत शिकलो. माझ्या वर्गात सव्वीस पोरं होती. आता तिथे सगळ्या वर्गांची मिळूनही तेवढी होत नाहीत. यात दोष कोणाला देणार? पुढचं कॉलेज तेलुगू किंवा इंग्रजीत, नोकरी हैदराबादला. काकांनी त्यांच्या मुलीला इंग्रजी शाळेत घातलं, मी त्यांच्या जागी असतो तर कदाचित तेच केलं असतं.

नाताळच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा आजोबांची कापसाच्या हिशोबाची जुनी वही सापडली. मधेमधे त्यांनी पावसाच्या, लग्नांच्या, बैल विकल्याच्या नोंदी केल्यात. मी काकांच्या मुलीला म्हटलं, "वाच ना." ती चौथीत आहे, दिवसभर घरात मराठी बोलते. तिने वही उलटी-सुलटी करून पाहिली आणि म्हणाली, "दादा, हे मला येत नाही." पुढे सहावीत हिंदी आली की अक्षरं ओळखेल ती. पण हिंदीच्या पुस्तकात तिला 'ळ' भेटणार नाही. 'पोळा' तिला बोलता येतो, खाता-खेळता येतो, लिहायचा झाला तर तेलुगूत.

त्या सुट्टीतल्या उरलेल्या नऊ दिवसांत आम्ही रोज वहीचं एक पान वाचलं. ती 'ळ' पहिल्याच दिवशी शिकली. आता ती व्हिडिओ कॉलवर पुढची पानं वाचून दाखवते, अडली की विचारते. मंडळातल्या कोणाकडे लहान मुलांची मराठी पुस्तकं घरी पडून असतील, तर मला द्या. मे महिन्यात मी गावी जातोय, आमच्या शाळेत एक पेटी ठेवायची आहे.

आणि हो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की मी तेलुगू का मराठी, तर हा लेख पाठवणार आहे.