गोपालन : रणजीचा पहिला चेंडू आणि हुकलेले सुवर्णपदक

चेन्नई : रणजी करंडक स्पर्धेच्या इतिहासातील पहिला चेंडू ४ नोव्हेंबर १९३४ रोजी चेपॉक मैदानावर टाकला गेला. मद्रासकडून म्हैसूरच्या एन. कर्टिस यांना तो टाकणारे वेगवान गोलंदाज होते एम. जे. गोपालन. मैदानालगतच्या तिरुवल्लिकेणी वस्तीतील ट्रिप्लिकेन क्रिकेट क्लबचे ते खेळाडू होते. डावखुरे फिरकी गोलंदाज ए. जी. राम सिंग यांनी ११ बळी घेतल्याने हा सामना एकाच दिवसात आटोपला आणि मद्रासने डावाने विजय मिळवला.

त्या काळी भारतात क्रिकेट हा चरितार्थाचा व्यवसाय नव्हता. खेळाडूला संस्थानिकांचा आश्रय किंवा कंपनीतील नोकरी यांवरच विसंबून राहावे लागे. मद्रासचे क्रिकेटपटू सी. पी. जॉन्स्टन यांनी गोपालन यांचे गुण हेरले आणि बर्मा शेल कंपनीत त्यांच्या नोकरीची सोय केली. एकाच खेळाडूने दोन खेळांत प्रावीण्य मिळवणे तेव्हा असामान्य नव्हते. मात्र दोन्हींत देशाचे प्रतिनिधित्व करण्याचा मान मोजक्यांनाच लाभला.

जानेवारी १९३४ मध्ये कोलकात्यात इंग्लंडविरुद्ध गोपालन यांनी कसोटी पदार्पण केले. पुढच्याच वर्षी ते ध्यानचंद यांच्या नेतृत्वाखालील हॉकी संघातून न्यूझीलंड दौऱ्यावर गेले. त्या दौऱ्यात भारताने ४८ सामन्यांत ५८४ गोल नोंदवले.

१९३६ मध्ये मात्र दोन्ही खेळ एकमेकांच्या आड आले. एकीकडे बर्लिन ऑलिंपिकसाठी हॉकी संघाची निवड होती, तर दुसरीकडे क्रिकेट संघाचा इंग्लंड दौरा. गोपालन यांनी क्रिकेटची निवड केली. इंग्लंडमधील तिन्ही कसोटींत त्यांना संघात स्थान मिळाले नाही. त्याच वर्षी १५ ऑगस्ट रोजी भारतीय हॉकी संघाने अंतिम फेरीत जर्मनीला ८-१ असे नमवून सुवर्णपदक पटकावले. कोलकात्याची कसोटी ही गोपालन यांची एकमेव कसोटी ठरली.

एका कसोटीतील एका बळीवरून या कारकिर्दीचे मोजमाप करता येणार नाही. मद्राससाठी ते दीर्घकाळ खेळत राहिले. १९५२-५३ च्या हंगामापासून मद्रास आणि सिलोन यांच्यात खेळल्या जाऊ लागलेल्या वार्षिक सामन्याला त्यांचेच नाव देण्यात आले. श्रीलंकेला कसोटी दर्जा मिळण्यापूर्वी तेथील खेळाडूंना प्रथम श्रेणी क्रिकेटचा नियमित अनुभव देणाऱ्या मोजक्या सामन्यांपैकी गोपालन करंडक हा एक होता. गोपालन यांचे डिसेंबर २००३ मध्ये चेन्नई येथे निधन झाले.