स्मृतिभ्रंशावरील एक औषध आणि कीटकनाशक

वय झाले की माणूस विसरायचाच, असे म्हणून घरातील वृद्धांच्या विस्मरणाकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु नेहमीची वाट चुकणे, आप्तांची नावे न आठवणे, जेवण झाल्याचेही स्मरण न राहणे ही स्मृतिभ्रंशाची लक्षणे असू शकतात. अल्झायमर हे या विकाराचे प्रमुख कारण होय. त्यात ॲसिटिलकोलिन हे संदेशवाहक द्रव्य निर्माण करणाऱ्या मेंदूतील पेशी नाश पावतात.

एका मज्जापेशीचा निरोप दुसरीस पोचला की कोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, या द्रव्याचे तत्काळ विघटन करते. पाटाला पाणी कमी आले की शेतकरी खालची मोरी थोडी बुजवतो. तद्वत या विकरास आवर घातल्यास उरलेले द्रव्य अधिक काळ टिकेल, अशी संशोधकांची कल्पना.

यासाठी निवडलेल्या द्रव्यांपैकी मेट्रिफोनेटची हकीकत उद्बोधक आहे. ट्रायक्लोरफॉन या नावाने हेच द्रव्य कीटकनाशक म्हणून विकले जाई. मूत्रमार्गाच्या बिल्हार्झिया या कृमिरोगावरही ते देत असत. (या रोगाचे भारतातील ठाणे १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे आढळले होते.) शरीरात त्यापासून सावकाश डायक्लोरव्हॉस तयार होते आणि तेच विकरास रोखते. १९९० नंतरच्या दशकात बायर कंपनीने अल्झायमरच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या घेतल्या. रुग्णांच्या स्मरणात थोडी सुधारणाही दिसली. परंतु काहींचे स्नायू दुर्बळ झाले, कोणास श्वासासाठी यंत्र लावावे लागले, आणि १९९८ मध्ये चाचण्या थांबविण्यात आल्या.

फवारणीची विषबाधा पाहिलेल्यांस याचे नवल वाटणार नाही. तेथेही हेच विकर बंद पडते: लाळ व घाम सुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, शेवटी श्वास अडतो. ट्रायक्लोरफॉन व डायक्लोरव्हॉस या दोहोंवर ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात बंदी आहे. मात्र त्याच जातकुळीतील अन्य कीटकनाशके अद्याप वापरात आहेत.

आज दिली जाणारी डोनेपेझिल व रिव्हास्टिग्मिन ही औषधे याच तत्त्वावर चालतात, पण त्यांचा प्रभाव ओसरणारा असतो. रोग त्यांनी बरा होत नाही; काही काळ लक्षणे सौम्य होतात, इतकेच. मळमळ, मंद नाडी, भोवळ असे त्रासही संभवतात. म्हणून अशी गोळी घेणाऱ्या वृद्धास फवारणीच्या कामाला लावू नये.

थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही विस्मरण होते आणि ते उपचारांनी सुधारू शकते. तेव्हा दुकानातून परस्पर गोळ्या न आणता प्रथम तपासणी करवावी. सिल्वासा परिसरातील रहिवाशांनी श्री विनोबा भावे रुग्णालयात अथवा जवळच्या आरोग्य केंद्रात जावे व चालू असलेली सर्व औषधे सोबत न्यावीत.