रायफल नेमबाजी : इलेक्ट्रॉनिक 'इअरमफ' घेताना काय पाहाल?

फैजपूर : एनसीसीच्या छात्रांच्या हाती पहिली रायफल येते, ती बहुधा .२२ ची. २०२४ मध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेही याच बोअरच्या रायफलने. नेम धरायला शिकताना कान मात्र विसरले जातात.

धोका किती?
.२२ च्या बाराचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास, मोठ्या काडतुसाचा १५० च्याही पुढे. एवढ्या आवाजाने एका बारातही कानाला कायमची इजा होऊ शकते.

काम कसे चालते?
बाहेरचे मायक्रोफोन प्रशिक्षकाच्या सूचना ऐकवतात. बार होताच सर्किट तो आवाज आत सोडत नाही. सेल संपला तरी कप आवाज अडवतोच.

काय पाहावे?
• कप पातळ हवा. जाड कप रायफलच्या दस्त्याला लागून सरकतो.
• गादी मऊ हवी. चष्म्याच्या काडीजवळ फट राहिली की संरक्षण घटते.
• 'एनआरआर' आकडा २२ च्या पुढे असावा. बंदिस्त रेंजवर आत इअरप्लगही घालावेत.

स्पर्धेत चालतो का?
नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार आवाज ग्रहण करणारे यंत्र असलेले कर्णरक्षक खेळाडूंना वापरता येत नाहीत. त्यामुळे स्पर्धेसाठी साधा इअरमफ किंवा इअरप्लग वेगळा ठेवावा आणि त्याचीही सवय करावी.