राष्ट्रीयत्वाची निवड, गोव्यातील
वसाहतीवरील सार्वभौमत्व पालटल्यावर तेथील रहिवाशांना पूर्वीचे राष्ट्रीयत्व राखण्याची दिली जाणारी मुभा. मार्च १९६२ मधील भारत सरकारच्या आदेशानुसार, जे स्वतः अथवा ज्यांचे आईवडील वा आजीआजोबा यांपैकी कोणीही २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले, ते त्या दिवसापासून भारताचे नागरिक मानले गेले. ज्यांना हे नको असेल त्यांनी महिन्याभरात लेखी निवेदन करावयाचे होते. निवड म्हणावी, तर ही मुदत तोकडीच होती. असे निवेदन करणारे मोंतेरू हे ख्रिस्ती धर्मगुरू मायभूमीतच परकीय ठरले. निवासाच्या परवान्याची मुदत संपल्यावरही ते राहिले, म्हणून त्यांना शिक्षा झाली व १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व १९७४ च्या तहाने मान्य केले. तथापि मुक्तीपूर्वी जन्मलेल्या गोमंतकीयांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा राहिला. ते स्वेच्छेने स्वीकारल्यास भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते.