मेमरी कोणी धरून ठेवली आहे?

सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोग्रॅमची मेमरी फुगत गेली की पहिला प्रश्न ‘किती’ असा येतो. ऑपरेटिंग सिस्टिम एक आकडा दाखवते, त्यावरून तर्क लढवले जातात आणि बहुतेक गैरसमजांची सुरुवात तिथेच होते. पायथॉनची सर्वांत प्रचलित आवृत्ती म्हणजे सीपायथॉन. तिच्या पोटात डोकावले तर दिसते की आकारापेक्षा ताबा महत्त्वाचा आहे. एखादे ऑब्जेक्ट कोणाच्या हातात अडकले आहे हे कळेपर्यंत त्या आकड्यातून काहीच ठरत नाही.

आकार मोजण्यासाठी अनेकजण सिस मॉड्यूलमधले गेटसाइझऑफ हे फंक्शन वापरतात आणि त्याचे उत्तर संपूर्ण मानतात. 64 बिटच्या यंत्रावर शून्य हाच आकडा दहा लाख वेळा असलेली लिस्ट करून पाहा. उत्तर सुमारे 80 लाख बाइट येईल. आता दहा लाख वेगवेगळ्या पूर्णांकांची तेवढीच लिस्ट करा; उत्तर जवळजवळ तेच. प्रत्यक्षात पहिल्या लिस्टमागे शून्याचे एकच ऑब्जेक्ट आहे, तर दुसरीमागे जवळपास दहा लाख, प्रत्येकी साधारण 28 बाइटची, म्हणजे आणखी पावणेतीन कोटींहून अधिक बाइट. फंक्शन खोटे बोलत नाही. ते फक्त लिस्टचे स्वतःचे कवच मोजते, आणि कवचात असतात ते प्रत्येकी 8 बाइटचे पत्ते. त्या पत्त्यांवर काय राहते आणि तिथे आणखी कोणाचा हक्क आहे, हे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

‘व्हेरिएबल डिलीट केले, म्हणजे मेमरी परत गेली’ हा समज याहून चिवट आहे. डेल हे विधान नाव पुसते. ऑब्जेक्टकडे बोट दाखवणारी शेवटची खूण गेली, त्याची संदर्भसंख्या शून्यावर आली, तरच ऑब्जेक्ट मोकळे होते. तेव्हाही ती जागा ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाईलच असे नाही. 512 बाइटपर्यंतच्या ऑब्जेक्टसाठी सीपायथॉन मोठे पट्टे आधीच घेऊन ठेवतो, 3.10 आवृत्तीपासून असा पट्टा 1 मेगाबाइटचा असतो. भाड्याने घेतलेल्या इमारतीत एकच बिऱ्हाड उरले तरी ती मालकाला परत करता येत नाही, तसे या पट्ट्यांचे आहे. म्हणून काम संपल्यावरही बाहेरचा आकडा चढलेलाच दिसतो आणि गळती नसताना गळतीचा संशय येतो. आतली मोकळी जागा पुढच्या ऑब्जेक्टना मिळत असते.

खरी गळती वेगळी असते, आणि गार्बेज कलेक्टर असल्याने ती होतच नाही असे मानणे चूक आहे. एकमेकांना धरून बसलेली पण बाहेरून कोणालाच न सापडणारी ऑब्जेक्ट कलेक्टर शोधतो. ग्लोबल डिक्शनरीत भरत जाणारा कॅशे मात्र त्याच्या दृष्टीने जिवंतच असतो, कारण त्याच्यापर्यंत वाट आहे. तो डेटा पुन्हा कधी लागणार नाही हे फक्त लिहिणाऱ्याला ठाऊक असते. कोणत्याही कलेक्टरला ते कळण्याचा मार्ग नाही.

आत नुसते पाहिल्याने काही बदलत नाही, हाही एक भ्रम. संदर्भसंख्या विचारणारे फंक्शन सामान्यतः एक जास्तीचा आकडा देते, कारण विचारताना ऑब्जेक्ट त्याच्या हाती द्यावे लागते. हा परिणाम किती दूर जातो हे इन्स्टाग्रामच्या 2017 मधील कामातून दिसले. तिथे मूळ प्रोसेसपासून निघालेल्या प्रोसेस मेमरीची पाने सामायिक वापरत. कलेक्टर आपल्या नोंदी ऑब्जेक्टच्या शेजारीच लिहीत असल्याने फक्त तपासणीनेच ती पाने वेगळी होत गेली. कलेक्टर बंद केल्यावर कार्यक्षमता सुमारे 10 टक्के वाढल्याचे त्यांनी सांगितले. पुढे 3.7 आवृत्तीत ऑब्जेक्ट ‘गोठवण्याची’ सोय आली, आणि 3.12 मध्ये ननसारख्या ऑब्जेक्टची संदर्भसंख्या बदलणेच थांबवले गेले.

यावर व्यवहारी आक्षेप असा : रॅम स्वस्त आहे, ठरावीक विनंत्यांनंतर प्रोसेस रीस्टार्ट करावी, गनिकॉर्न या पायथॉन वेब सर्व्हरमध्ये तर तशी सेटिंगच आहे. रात्री साइट पडू नये म्हणून हा उपाय मला पूर्ण मान्य आहे. पण रीस्टार्टबरोबर पुरावाही पुसला जातो, आणि वाहतूक वाढली की तीच गळती दोन रीस्टार्टच्या मधल्या वेळेत मेमरी भरून टाकते. पायथॉन 3.4 पासून मेमरीचा माग ठेवणारे ट्रेसमॅलॉक हे मॉड्यूल सोबत मिळते. काही तासांच्या अंतराने दोन नोंदी घेऊन त्यांची तुलना केली की कोणत्या ओळीने घेतलेली मेमरी वाढते आहे ते दिसते. त्यानंतर जीसी मॉड्यूलमधील गेट रेफरर्सने ऑब्जेक्टला धरणाऱ्यापर्यंत पोहोचता येते. ट्रेसमॅलॉक प्रोग्रॅमला मंदावते आणि सुरू होण्यापूर्वीचे काही सांगत नाही, म्हणून ते सतत चालू ठेवण्यापेक्षा संशय आल्यावर मर्यादित वेळ लावावे.

हत्यारे सोपी होत चालली आहेत, तशी जबाबदारीही वाढते आहे. 3.14 आवृत्तीत चालू प्रोसेसला बाहेरून स्क्रिप्ट देऊन तिच्याकडूनच ती चालवून घेता येते. त्यासाठी ऑपरेटिंग सिस्टिमचे योग्य अधिकार लागतात आणि सोय बंदही ठेवता येते, तरी ज्याला तो प्रवेश मिळाला त्याला सारे खुले होते. मेमरीचा डंप काढला की त्यात ग्राहकांचे फोन नंबर, लॉगिन टोकन आणि पासवर्ड साध्या मजकुरात असू शकतात. पायथॉनमधली स्ट्रिंग जागच्या जागी बदलता येत नाही, त्यामुळे पासवर्डचे नाव पुसले तरी त्याची अक्षरे नवे काही वर लिहिले जाईपर्यंत मेमरीत राहू शकतात. अशी फाइल चर्चेसाठी सहकाऱ्यांना पाठवण्याआधी डेटाबेसच्या बॅकअपला लावतो तेच नियम तिलाही लावायला हवेत : मर्यादित हातात, एन्क्रिप्ट केलेली आणि काम झाल्यावर नष्ट केलेली.